चौथी काडी : मार्लबरोच्या २००८ च्या हंगामाचं प्रकरण

छाटणीच्या वेळी वेलीवर किती काड्या ठेवायच्या आणि काडीवर किती डोळे (नवे फुटवे जिथून येतात त्या कळ्या), हा नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराचा दरवर्षीचा हिशेब. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, उत्तरेच्या टोकाला, मार्लबरो नावाचा प्रदेश आहे. तिथंही हाच हिशेब चालतो, फक्त छाटणी जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे त्यांच्या हिवाळ्यात. जुन्या काड्या काढून टाकायच्या, नव्या चार निवडायच्या, दोन इकडे दोन तिकडे अशा तारेवर आडव्या बांधायच्या. एका काडीवर साधारण दहा-बारा डोळे. अनेक वर्षं हा आकडा चारच होता आणि त्यावर कुणाचा वादही नव्हता. २००८ नंतर वायनऱ्यांकडून निरोप येऊ लागले : यंदा तीनच ठेवा. काहींना तर दोन ठेवायला सांगितलं गेलं.

ती चौथी काडी का गेली, कुणाच्या पैशानं गेली आणि पुढं काय झालं, एवढंच या प्रकरणात पाहायचं आहे.

एका हंगामात काय झालं

२००७ साली मार्लबरोत सुमारे १ लाख २१ हजार टन द्राक्षं निघाली होती, बहुतेक सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाईनच्या जातीची. २००८ मध्ये तोच आकडा जवळपास १ लाख ९५ हजारांवर गेला. वर्षभरात साठ टक्के वाढ. अख्ख्या देशाचं उत्पादन २ लाख ५ हजार टनांवरून २ लाख ८५ हजार टनांवर पोचलं आणि त्यातून सुमारे साडेवीस कोटी लिटर वाईन झाली.

द्राक्षबाग ही काही सोयाबीन नाही, की या वर्षी भाव दिसला आणि पुढच्या वर्षी पेरा वाढवला. लागवडीनंतर पहिलं नीट पीक यायला तीन वर्षं लागतात. म्हणजे २००८ चा ढीग २००४-०५ मध्येच जमिनीत लावला गेला होता. २००५ मध्ये देशात सुमारे २१ हजार हेक्टरवर बागा होत्या, २००८ मध्ये २९ हजारांवर आणि २०१० मध्ये ३३ हजारांच्या पुढं. लावणारे नुसते शेतकरी नव्हते. मेंढ्यांची कुरणं विकत घेऊन तिथं खांब ठोकणारे निवृत्त लोक, गुंतवणूकदारांचे गट, मोठ्या कंपन्या असे सगळेच त्यात होते. मार्लबरोतल्या वायराउ नदीच्या खोऱ्यात जमिनीला सोन्याचा भाव आला होता.

त्यात हवामानानं भर घातली. आपल्याकडचे बागायतदार ज्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात ती त्यांच्याकडे आदल्या उन्हाळ्यात होते. वेलीवर यंदाचं पीक लटकत असतं आणि त्याच वेळी शेजारच्या डोळ्यात पुढच्या वर्षीचे घड ठरत असतात. ते दिवस उबदार गेले तर घडांची संख्या वाढते. मग डिसेंबरातला फुलोरा. तेव्हा थंडी किंवा पाऊस आला तर मणी धरत नाहीत, घड विरळ राहतात. डिसेंबर २००७ मध्ये फुलोऱ्याला हवा चांगली मिळाली, घड गच्च भरले. नव्या बागा पिकावर आल्या त्याच वर्षी जुन्या बागांनीही हात सैल सोडला. आणि काढणीच्या शेवटी पाऊस पडला. मणी पाणी पिऊन फुगले, कुजीची भीती लागली आणि जे हाताला येईल ते आत घ्यायची घाई झाली.

तोवर सप्टेंबर २००८ उजाडला आणि अमेरिकेतल्या बँका कोसळल्या.

एकाच जातीवर एवढा भार कसा आला

इथं थोडं मागं जावं लागेल, कारण २००८ मध्ये जास्तीच्या वेली उपटून दुसरं काही लावता का आलं नाही, ते या इतिहासात आहे.

न्यूझीलंडमध्ये द्राक्षाची पहिली वेल लावली ती सॅम्युअल मार्सडेन या मिशनऱ्यानं, १८१९ मध्ये, उत्तर बेटावरच्या केरीकेरीला. वाईन करण्याचं श्रेय जातं जेम्स बझबीकडे. १८३३ मध्ये ब्रिटनचा प्रतिनिधी म्हणून आलेल्या या माणसानं वाइतांगीला घरासमोर बाग लावली, आणि १८४० मध्ये तिथून गेलेल्या द्युमों द्युर्व्हिल या फ्रेंच दर्यावर्दीनं तिथली पांढरी वाईन पिऊन तिची तारीफ लिहून ठेवली. फ्रेंच माणसानं केलेली तारीफ म्हणजे प्रमाणपत्रच. १८५१ मध्ये फ्रेंच कॅथलिक धर्मगुरूंनी हॉक्स बेमध्ये सुरू केलेली मिशन इस्टेट आजही चालू आहे. १८९५ मध्ये रोमेओ ब्रागातो नावाचा तज्ज्ञ देशभर फिरला आणि त्यानं हॉक्स बे, सेंट्रल ओटागो अशा भागांची शिफारस केली. मुळं खाणाऱ्या फिलॉक्सेरा किडीचा धोकाही त्यानंच ओळखला आणि अमेरिकन खुंटावर कलम करायला सांगितलं. त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही.

पुढची साठ-सत्तर वर्षं दारूबंदीच्या सावलीत गेली. १९१९ च्या मतदानात देशात संपूर्ण दारूबंदी जवळजवळ आलीच होती. परदेशात असलेल्या सैनिकांची मतं मोजल्यावर ती टळली. १९१७ पासून १९६७ पर्यंत तिथले बार संध्याकाळी सहाला बंद होत. हॉटेलात जेवणाबरोबर वाईन देण्याचे परवाने १९६० मध्ये मिळू लागले. अशा देशात वाईन टिकवली ती डाल्मेशियातून, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यावरून, आलेल्या लोकांनी. ते आले होते कौरी झाडाचा जमिनीत गाडलेला डिंक खणायला. डिंक संपत आला तसे ऑकलंडच्या पश्चिमेला बागा करून बसले. बाबिच, नोबिलो, डेलेगाट, युकिच ही आज बाटलीवर दिसणारी किंवा इतिहासात वाचायला मिळणारी नावं त्यांचीच. त्या काळी त्यांच्या मालाला लोक हिणवून ‘डॅली प्लोंक’ म्हणत. तो मालही गोड, अल्कोहोल घालून चढवलेला, शेरी-पोर्ट या युरोपातल्या वाईनची नक्कल करणारा असायचा.

यातल्या युकिच घराण्याची माँटाना ही कंपनी. १९७३ मध्ये फ्रँक युकिचनं मार्लबरोत एक हजार हेक्टरहून जास्त जमीन घेतली. वेन थॉमस या शास्त्रज्ञानं तो भाग सुचवला होता. स्थानिक शेतकऱ्यांना ते वेड वाटलं. तिथं लसूण, चेरी, गवताचं बी आणि मेंढ्या होत्या. द्राक्षाला ही जागा फार थंड, असा समज. खरं तर शंभर वर्षांपूर्वी, १८७३ मध्ये, डेव्हिड हर्ड नावाच्या माणसानं तिथंच ऑंट्सफील्डला बाग लावली होती, पण ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. ऑगस्ट १९७३ मध्ये ब्रँकॉटच्या उतारावर माँटानाची पहिली वेल लागली.

लावलं काय होतं? मुख्यतः म्युलर-थुर्गाउ. भरपूर पिकणारी, चवीला सौम्य जर्मन जात. सोव्हिन्यों ब्लां आली १९७५ मध्ये आणि तिची पहिली विक्रीची वाईन १९७९ ची. त्या वाईननं मात्र लोक चकित झाले.

चकित होण्याचं कारण रसायनात आहे आणि ते सोपं करून सांगता येतं. या जातीत दोन तऱ्हेचे वास असतात. एक हिरवा : ढोबळी मिरची कापल्यावर येतो तसा. थंड हवेत तो टिकतो, उन्हानं कमी होतो. दुसरा पॅशनफ्रूटचा, पिवळ्या फळाचा. तो गंधकयुक्त संयुगांचा असतो, द्राक्षात दडलेला, आणि आंबवताना यीस्ट तो मोकळा करतं. मार्लबरोत दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा. नदीनं आणून टाकलेले गोटे, त्यामुळं एकाच ओळीत एक वेल लवकर पिकते तर दहा पावलांवरची मागं राहते. दोन्ही वास एकाच बाटलीत सापडतात. गंमत अशी की यंत्रानं काढणी केली तर पॅशनफ्रूटचा वास वाढतो. ओळीच्या दोन्ही बाजूंना चाकं टेकवून उंच यंत्र वेलीवरून चालत जातं, आतल्या दांड्या वेल हलवतात, मणी देठ सोडून पट्ट्यावर पडतात, फुटतात, रस आणि साल एकमेकांत भिजतात. हे सगळं गारव्यासाठी बहुतेक रात्री चालतं. हातानं जपून खुडलेला घड श्रेष्ठ, हा वाईनच्या जगातला जुना समज इथं उलटा पडतो. म्हणजे मजूर कमी, वेग जास्त, चवही हवी तशी. याहून सोयीचं पीक कंपन्यांना कुठं मिळणार होतं!

१९८६ चा उपाय

देशात द्राक्षाचा ढीग २००८ मध्ये पहिल्यांदा लागला नव्हता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला असाच लागला, कंपन्यांत दरयुद्ध पेटलं, आणि १९८६ मध्ये सरकारनं वेली उपटण्यासाठी हेक्टरी ६,१७५ डॉलर देऊ केले. (इथले सगळे डॉलर न्यूझीलंडचे.) १,५१७ हेक्टर बागा उपटल्या गेल्या, म्हणजे देशातल्या साधारण एक चतुर्थांश. सर्वांत जास्त गेली ती म्युलर-थुर्गाउसारखी साधी जात. पुन्हा लावू नका, अशी सक्ती नव्हती. त्यामुळं अनेकांनी सरकारच्या पैशानं नको ती जात काढली आणि त्याच जमिनीत शार्डोने, सोव्हिन्यों ब्लां असं बाजाराला हवं ते लावलं.

नेमक्या त्याच सुमाराला क्लाउडी बे ही कंपनी आली. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड होनेननं १९८५ मध्ये ती काढली, केव्हिन जडला वाईन करायला बसवलं, आणि पहिल्या वर्षी द्राक्षंसुद्धा दुसऱ्याकडून विकत घेतली. १९८६ मध्ये अर्नी हंटर या आयरिश गृहस्थाची मार्लबरोची वाईन लंडनच्या महोत्सवात बक्षीस घेऊन आली. ब्रिटनची दारं उघडली ती तेव्हापासून.

माझ्या मते १९८६ ची योजना यशस्वी ठरली ती उपटण्यामुळं नाही, तर उपटलेल्या जागी लावायला काहीतरी तयार होतं म्हणून. २००८ मध्ये नेमकं हेच नव्हतं. ढीग लागला होता तोच जगात खपणाऱ्या एकमेव जातीचा. तो उपटून लावायचं काय? मार्टिनबरो आणि सेंट्रल ओटागोला पिनो न्वार ही लाल वाईनची जात आहे, हॉक्स बेला गोट्यांच्या जमिनीवरच्या लाल वाईन आहेत, पण त्या सगळ्यांचा मिळून धंदा मार्लबरोच्या एका जातीपुढं लहान. सरकारनंही या वेळी पैसे काढले नाहीत.

टाकीची घाई

लाल वाईनचा ढीग लागला तर ती पिंपात ठेवता येते. कधी कधी त्यानं किंमतही वाढते. सोव्हिन्यों ब्लांचं तसं नाही. तिची सगळी किंमत ताजेपणात. वर्ष-दीड वर्षात तो पॅशनफ्रूटचा वास ओसरायला लागतो. शिवाय ती स्टीलच्या टाकीत असते, आणि मार्चमध्ये नवीन द्राक्षं दारात उभी राहणार म्हणजे राहणार. टाकी रिकामी करायलाच हवी. इतर प्रदेशांपेक्षा मार्लबरोला ढीग जास्त बोचला तो यामुळं.

टाकी रिकामी करण्याचा मार्ग म्हणजे सुटी वाईन. वीस फुटी कंटेनरात एक भली मोठी प्लास्टिकची पिशवी अंथरतात, तिच्यात साधारण चोवीस हजार लिटर वाईन भरतात आणि कंटेनर ऑस्ट्रेलियाला किंवा इंग्लंडला रवाना होतो. तिकडं सुपरमार्केट स्वतःच्या नावाच्या बाटलीत ती भरतं. लेबलवर मार्लबरो असतं, कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नसतं, भाव नेहमीच्या बाटलीपेक्षा बराच खाली. निर्यातीत अशा सुट्या मालाचा वाटा आधी एक आकडी टक्क्यांत होता. तीन-चार वर्षांत तो जवळजवळ एक तृतीयांशावर गेला. ऑस्ट्रेलियात या लाटेला ‘सॅव्हलांश’ असं नावच पडलं : सोव्हिन्योंचा हिमलोट.

आकड्यांत हे असं दिसतं. २००८ मध्ये न्यूझीलंडनं सुमारे ८ कोटी ८६ लाख लिटर वाईन निर्यात केली आणि जवळपास ८० कोटी डॉलर मिळवले, म्हणजे लिटरला नऊ डॉलर. २०१० मध्ये १४ कोटी २० लाख लिटर, १०४ कोटी डॉलर. लिटरला सव्वासात-साडेसात. निर्यात पहिल्यांदा एक अब्जाच्या वर गेली म्हणून बातम्या झाल्या. साठ टक्के जास्त माल पाठवून तीस टक्के जास्त पैसे, हे त्या बातम्यांत बारीक अक्षरात होतं.

भार कुणावर पडला

द्राक्षाचा भाव २००८ मध्ये टनाला अडीच हजार डॉलरच्या आसपास होता. दोन-तीन हंगामांत तो निम्म्यावर आला. मार्लबरोत बरेच बागायतदार स्वतः वाईन करत नाहीत, वायनरीशी करार करून माल देतात. करारात भाव बहुधा त्या त्या वर्षीच्या बाजारावर सोडलेला, आणि हेक्टरी किती टन घेणार याची मर्यादा. ढीग लागल्यावर वायनऱ्यांनी ती मर्यादा खाली आणली. मर्यादेवरचा माल घ्यायचा नाही. मग तो कुठं जाणार? २००९ मध्ये नव्या बागा पिकावर येऊनही देशाचं उत्पादन २ लाख ८५ हजार टनांवरच थांबलं, कारण माल वेलीवर सोडला गेला, काही ठिकाणी घड कापून जमिनीवर टाकले गेले.

आपल्याकडचा वाचक इथं विचारेल : बेदाणा का नाही केला? तासगाव-पंढरपूरकडं भाव पडला की माल शेडवर जातो, निदान खर्च तरी निघतो. पण वाईनची द्राक्षं बारीक, बियांची, जाड सालीची. त्यांना बाजारात कुणी हात लावत नाही. ज्याच्याशी करार, त्यानं नाकारलं की तो माल कचरा.

नाशिककरांना याची चव माहीत आहे. राज्य सरकारच्या २००१ च्या धोरणानंतर वायनऱ्या भराभर उभ्या राहिल्या, करारावर वाईनच्या जाती लागल्या, त्यात सोव्हिन्यों ब्लांही होती. मार्लबरोत ढीग लागला त्याच सुमाराला इकडं मंदी आणि मुंबईवरचा हल्ला यांनी हॉटेलांतला खप पडला, काही वायनऱ्यांनी माल उचलला नाही, आणि बागायतदारांनी त्या वेली काढून पुन्हा खाण्याची द्राक्षं धरली. फरक एवढाच, की नाशिकच्या माणसाला परत जायला थॉमसन होती, सोनाका होती. मार्लबरोच्या माणसाला मेंढ्या होत्या. पण ज्या भावानं जमीन घेतली होती, त्याचे हप्ते मेंढ्यांनी फिटले नसते.

काही वायनऱ्या बँकांच्या ताब्यात गेल्या. जमिनीचे भाव पडले. ज्यांचं कर्ज कमी होतं आणि ज्यांची स्वतःची बाटली होती ते टिकले. मोठ्यांनी पडलेल्या भावात बागा घेतल्या. हे सगळीकडंच होतं, त्यावर वेगळं काही लिहिण्यासारखं नाही.

काडी कापल्यानं काय साधलं

आता त्या चौथ्या काडीकडं येऊ. चारऐवजी तीन काड्या ठेवल्या की डोळे चतुर्थांशानं कमी, पण पीक तेवढं कमी होत नाही. उरलेल्या डोळ्यांतून जोमदार फुटवे येतात, घड थोडे मोठे होतात. म्हणजे तीन काड्यांत पीक कमी होतं, पण डोळ्यांच्या प्रमाणात नाही. छाटणी करणाऱ्यांचा वेळ मात्र नक्की वाचतो. व्हानुआटू, सामोआ, टोंगा या बेटांवरून २००७ पासून हंगामी परवान्यावर येणारे मजूर ही छाटणी करतात. गारठ्यात तारेत गुंतलेली जुनी काडी ओढून काढणं हे त्यातलं सर्वांत कष्टाचं काम.

तेव्हा काडी कापणं हा अर्धा उपाय होता. खरा तोडगा वायनऱ्यांनी काढला नाही, सरकारनंही नाही. २०११ मध्ये उत्पादन उलट ३ लाख २८ हजार टनांवर गेलं. २०१२ चा हंगाम मात्र थंड गेला, फुलोरा बिघडला, उत्पादन २ लाख ६९ हजारांवर आलं. आणि एवढ्या दिवसांत स्वस्त झालेल्या वाईनला नवे पिणारे मिळाले होते, विशेषतः अमेरिकेत. ढीग संपला, टंचाई आली, भाव वर चढू लागले. स्वस्ताईनं नाव खराब होईल असं सगळे जाणकार म्हणत होते. मलाही वाचताना तेच पटलं असतं. पण सुट्या मालानंच ती चव घराघरांत पोचवली, आणि पुढं तेच लोक बाटलीला जास्त पैसे द्यायला तयार झाले, असं निर्यातीचे नंतरचे आकडे पाहून म्हणावं लागतं. ज्या बागायतदारानं २०१० मध्ये बाग विकली, त्याला या गोष्टीचा काही उपयोग नव्हता.

धडा अजिबात घेतला नाही असं नाही. २०१८ मध्ये काही उत्पादकांनी ‘अपेलेशन मार्लबरो वाईन’ नावाचा शिक्का सुरू केला : द्राक्षं पूर्णपणे मार्लबरोची, हेक्टरी पिकाला मर्यादा, आणि बाटली न्यूझीलंडमध्येच भरलेली. शेवटची अट सरळ त्या प्लास्टिकच्या पिशवीवर रोखलेली आहे. पण शिक्का ऐच्छिक आहे. ज्याला पिशवीतून पाठवायचं त्याला कुणी अडवत नाही.

भाव चढले तशी बऱ्याच बागांत चौथी काडी परत तारेवर आली. २०१४ मध्ये देशाचं उत्पादन ४ लाख ४५ हजार टन झालं, २०२२ मध्ये ५ लाख ३२ हजार. निर्यातीतला पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त माल आज एकट्या सोव्हिन्यों ब्लांचा आहे. २०२४ ला फुलोऱ्यात थंडी आली आणि आकडा ३ लाख ९३ हजारांवर घसरला. २०२५ मध्ये परत ५ लाख १९ हजार. आणि जगात वाईनचा खप उतरत असताना टाक्या पुन्हा भरल्या. त्या हिवाळ्यात छाटणीला उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात कात्री होती, समोर चार चांगल्या काड्या होत्या, आणि किती ठेवायच्या ते पुन्हा करार पाहून ठरणार होतं.